घनता दिलेली नाही

मी पाम गावातल्या बाईंकडे केमिस्ट्री शिकायला जाते हे माझ्या मैत्रिणीला कळलं, तेव्हा ती एस.टी.त माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "त्याच ना, ज्यांनी पेपर फोडला होता?"

बोईसरहून चिंचणीला जाणारी दुपारची गाडी होती. मैत्रीण तारापूरला उतरायची, मी शेवटपर्यंत जायची. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि गाडीत जमलं तर एका सीटवर. तिची मोठी बहीण आमच्याच कॉलेजातून बारावी झाली होती, त्यामुळे तिला आमच्या आधीच्या गोष्टी ठाऊक असायच्या. तिने सांगितलं की त्या बाई पूर्वी आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. एका वर्षी प्रीलिमचा पेपर परीक्षेच्या आधीच पोरांच्या हातात पडला. पेपर बाईंनी काढलेला होता. नंतर बाई कॉलेजात दिसल्या नाहीत. त्यांना काढलं की त्या आपणहून गेल्या, हे तिला सांगता येईना. "पण काहीतरी असल्याशिवाय कोण नोकरी सोडेल?" एवढं बोलून ती उतरली आणि पाम केव्हाच मागे गेलं होतं तरी मी वळून त्याच दिशेला बघत राहिले.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली. कॉलेजचं नाव इथे घेत नाही, माणसांचीही नाही.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि मी वर्गात बसूनही वर्गाबाहेर गेले. फिजिक्स, बायॉलॉजी कसंबसं जमत होतं, केमिस्ट्री मात्र हाताला लागत नव्हती. आमच्या घरात आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर जायचे. बोईसरच्या स्टॉपवर त्यांनी कधीतरी पांढरे कोट हातावर टाकून उभ्या असलेल्या मुली पाहिल्या होत्या. त्या कारखान्यांच्या लॅबमध्ये काम करतात असं त्यांना कुणी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या मनात माझ्याबद्दल तेवढंच होतं: पोरीच्या हातावर पांढरा कोट. बारावीत केमिस्ट्रीत नापास झाले तर तो कोट कुठला यायला?

आई सुके बोंबील आणि सुकट घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. बाजार उठला की उरलेला माल घेऊन ती पाम आणि आसपासच्या नव्या बिल्डिंगांमधून फिरायची. तिथेच एक गिऱ्हाईक म्हणजे या बाई. एका कारखान्याच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला जायच्या, दुपारी घरी असायच्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या घरात जाडजूड इंग्रजी पुस्तकं पाहून आईने विचारलं, ही कसली? बाई म्हणाल्या, रसायनशास्त्राची. आईने टोपली तिथेच खाली ठेवली आणि माझी सगळी कर्मकहाणी त्यांना ऐकवली. बाईंनी कॉलेज कुठलं ते विचारलं. आईने सांगितल्यावर तेच नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, पाठवा तिला.

फी त्यांनी घेतली नाही. आईने बोंबील द्यायचे असं ठरलं. आईला तेव्हा तो बाईंचा मोठेपणा वाटला. पुढे मला सगळ्यात आधी तेच खटकायला लागलं.

बाईंचं दार नेहमी आतून बंद असायचं. कडी वाजवली की आधी "कोण?" असा आवाज यायचा, मग दार थोडं उघडायचं. मला आत घेताना त्या जिन्यात डोकावून बघायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "कॉलेजात माझं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं तर स्वतःच करते म्हणायचं." मी मान हलवली. मोठी माणसं सांगतात ते करायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

शिकवायच्या मात्र फार छान. मला धडा आधी मराठीत सांगायच्या, अगदी स्वयंपाकाबद्दल बोलावं तसा, आणि तोच मग हळूहळू इंग्रजीत न्यायच्या. बशांमध्ये तुरटी, मोरचूद, नवसागर, धुण्याचा सोडा काढून ठेवायच्या आणि ओळखायला सांगायच्या. मी मोरचूदाकडे बघून लगेच नाव घेतलं की रागवायच्या. "रंग बघून नाव घ्यायचं नाही. निळं दुसरंही काही असू शकतं. आधी टेस्ट कुठली करशील ते सांग." मी टेस्ट सांगायचे. "आणि खात्रीसाठी?" खात्रीची टेस्ट सांगेपर्यंत त्या सोडायच्या नाहीत. महिनाभरात असं झालं की एरवी मला वाचताना झोप यायची तो विषय मी गाडीत मनातल्या मनात घोळवायला लागले.

पण रोज शिकवायला बसण्याआधी त्यांचा एक नेम होता. आज सरांनी काय शिकवलं? फळ्यावर काय लिहिलं? उदाहरण कुठलं दिलं? मी वही उघडून वाचायला लागायचे आणि त्या जमिनीकडे नजर लावून ऐकायच्या. कधी कधी माझं वाक्य अर्धं असतानाच पुढचं वाक्य त्या म्हणायच्या. वही माझ्या हातात, अक्षर माझं, आणि न बघता पुढची ओळ त्यांना पाठ. मला वाटायचं, केमिस्ट्री सगळीकडे सारखीच असणार, त्यात काय.

मैत्रिणीने ते वाक्य कानात टाकल्यावर मला हे सगळं वेगळंच दिसायला लागलं. दार बंद का? जिन्यात कुणाला बघतात? माझ्याकडून रोज वर्गातली हकीकत काढून घेऊन करतात काय? फुकट का शिकवतात? अजून त्यांचं कॉलेजात कुणाशी संधान असेल, एखादा शिपाई, एखादा क्लार्क, आणि मी त्यात नकळत गुंतत असेन तर? मी आईला काही बोलले नाही. बोलले असते तर तिने शिकवणी बंद केली असती, आणि शिकवणी बंद व्हायला मला नको होती. हेही तितकंच खरं होतं.

मग मी बाईंना जोखायला लागले. एकदा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आज उदाहरण कुठलं दिलं? सरांनी साखरेच्या पाण्याचं दिलं होतं. मी मुद्दाम मिठाच्या पाण्याचं सांगितलं. बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"तिथे साखरेच्या पाण्याचं उदाहरण असतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझी लिहिण्यात चूक झाली असेल. त्यांनी तो विषय तिथेच सोडला, पण त्या दिवशी नेहमीचा चहा केला नाही. परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट घोळवत होते. वर्गात सर बोलले ते यांना माझ्याआधी कसं कळतं?

सरांबद्दल इथे सांगायला हवं. सर केमिस्ट्रीचे मुख्य, प्रीलिमचा पेपरही तेच काढायचे. आवाज खणखणीत, इस्त्रीचे कपडे, खडूचा कण अंगावर पडू द्यायचे नाहीत. त्यांच्या नोट्सचा मोठा बोलबाला होता. पालघरपासून डहाणूपर्यंतची मुलं त्या नोट्स उतरवून न्यायची. प्रॅक्टिकलचं जर्नल त्यांच्या सहीशिवाय पुरं होत नसे, आणि जर्नल पुरं नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नसे. त्यामुळे सगळे त्यांना वचकून असायचे. मी तर अकरावीपासून त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती.

प्रीलिम जवळ आली तशा बाई कडक झाल्या. रोज गणितं घालायच्या. एक दिवस त्यांनी एक गणित सांगितलं. आम्लाच्या द्रावणाची मोलॅरिटी दिली होती, त्यावरून मोलॅलिटी काढायची होती. मी कागदावर पुढे जाऊन अडले. बराच वेळ खटपट केली. शेवटी म्हटलं, मला येत नाही.

"येणारच नाही," बाई म्हणाल्या. "एकात द्रावणाचं माप आहे, दुसऱ्यात पाण्याचं वजन. एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर द्रावणाची घनता लागते. इथे घनता दिलेली नाही. प्रश्नच चुकलाय."

"मग करायचं काय?"

"आधी एक ओळ लिहायची. घनता दिलेली नाही, म्हणून अमुक धरली आहे. मग पुढचं सोडवायचं."

मी विचारलं की असा चुकलेला प्रश्न परीक्षेत कोण देईल. त्यावर त्या म्हणाल्या, "देतात." आणि उठून खिडकी लावायला गेल्या.

प्रीलिमचा केमिस्ट्रीचा पेपर हातात आला. पहिला प्रश्न ओळखीचा. दुसरा ओळखीचा. तिसराही. गेल्या दोन आठवड्यांत बाईंनी माझ्याकडून जे जे करून घेतलं होतं ते जवळजवळ सगळं तिथे होतं. आणि शेवटच्या भागात तेच गणित. तेच आम्ल, तेच आकडे. घनता दिलेली नव्हती.

सोपा पेपर आला की माणसाला आनंद होतो. मला तो पेपर पालथा घालावासा वाटला. म्हणजे मैत्रीण खरं बोलत होती. पेपर फुटला आहे आणि तो माझ्याकडे फुटला आहे, मला न विचारता. आजूबाजूला बघितलं तर सगळे खाली माना घालून लिहीत होते. माझी मैत्रीण पेनाचं टोपण चावत त्याच गणितावर अडली असावी. मी तेवढं गणित सोडून द्यायचं ठरवलं. मग वाटलं, सोडलं तरी बाकीचं काय? सगळंच सोडू? शेवटी मी ती ओळ लिहिली. बाईंनी सांगितली होती तशीच, आधी काय दिलंय, काय दिलेलं नाही, काय धरलंय. आणि गणित पुरं केलं.

पेपर वाटले त्या दिवशी सरांनी सगळ्यांचे दिले, माझा दिला नाही. तास संपल्यावर शिपाई येऊन मला लॅबमध्ये घेऊन गेला. तिथे सडक्या अंड्याचा तो नेहमीचा वास भरला होता. आमच्या आधीच्या बॅचचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं असावं. सर टेबलाशी उभे होते, माझा पेपर समोर उलटा ठेवलेला.

ते शांतपणे बोलत होते. म्हणाले, युनिट टेस्टला काठावर पास होणारी मुलगी प्रीलिमला वर्गात पहिली येते, हे कसं झालं? मी म्हटलं, अभ्यास केला. ते म्हणाले, अभ्यासाने उत्तरं येतात, पण अख्ख्या वर्गात कुणाच्या लक्षात न आलेली चूक एकटीच्या लक्षात येत नाही. मग विचारलं, शिकवणीला कुणाकडे जातेस? मी सांगितलं, कुणाकडे नाही.

"पेपर कुठून मिळाला ते सांग," ते म्हणाले. "तोवर जर्नलवर सही होणार नाही. आणि उद्या पालकांना घेऊन ये."

दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं. मैत्रीण पुढच्या बाकावर जाऊन बसली, तिथून फळा नीट दिसतो म्हणाली. मला त्या क्षणी पक्कं वाटलं की शिकवणीचं हिनेच सरांच्या कानावर घातलं. नाहीतर सरांनी नेमकं तेच का विचारावं? गाडीत ती आधी चढली आणि मी मुद्दाम मागच्या दाराशी उभी राहिले. तारापूरला ती उतरली तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

आई अंगणात वाळलेले बोंबील काठीने उतरवत होती. माझा चेहरा बघून तिने काठी भिंतीला लावली आणि मला जवळ बसवून सगळं काढून घेतलं. तिने मला एकच प्रश्न विचारला. पेपर आदी बघितला व्हतास का? मी नाही म्हटलं. मग बाईंनी बघितला होता का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

"माईत नाय तर इचारायचा. घरात बसून काय कळणार हाय?"

वडील बोटीवर होते. उद्या कॉलेजात तिलाच यायचं होतं. त्याआधी तिला बाईंना गाठायचं होतं. आम्ही सकाळच्या गाडीने पामला उतरलो. बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. आईने कडी वाजवली, आतून "कोण?" आलं, आणि आईने आपलं नाव न सांगता नुसतं "उघडा" म्हटलं.

आत गेल्यावर ती बसली नाही. टोपली नव्हती, त्यामुळे तिचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं असं मला दिसलं. कॉलेजात काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, "बाई, तुमी माज्या पोरीला फुटलेला पेपर शिकवलात काय? हाय तर हाय म्हणा, नाय तर नाय म्हणा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तोच प्रश्न आला? घनतेशिवाय?"

मी हो म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला आधी समजेचना.

तो पेपर त्यांचा स्वतःचा होता. कॉलेजातल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी त्यांनी काढलेला. घाईत घनता लिहायची त्यांच्याकडूनच राहिली होती. तो पेपर परीक्षेआधी बाहेर गेल्यामुळे रद्द झाला, दुसरा काढला गेला, आणि ठपका बाईंवर आला. चौकशी वगैरे काही झाली नाही. नुसती कुजबुज होती, स्टाफरूममध्ये त्या शिरल्या की सगळे गप्प व्हायचे. त्या कुजबुजीला कंटाळून त्यांनी राजीनामा दिला. जाताना त्यांनी आपल्या नोट्स आणि पेपर तिथेच कपाटात ठेवले होते. मी शिकायला आले, रोज वर्गातलं सांगायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सर शब्दन् शब्द त्यांच्याच नोट्स शिकवत आहेत. साखरेच्या पाण्याचं उदाहरण त्यांचं होतं. डहाणूपर्यंत उतरवल्या जाणाऱ्या त्या नोट्स त्यांच्या होत्या. मग त्यांना वाटलं, नोट्स वापरणारा माणूस पेपरही वापरेल. रद्द झालेला पेपर कुणी जपून ठेवलेला नसणार, म्हणून तोच वापरेल.

"म्हणून तो माझ्याकडून करून घेतलात?" मी विचारलं.

"मला बघायचं होतं," बाई म्हणाल्या. "ती चूक तशीच येते का ते."

मला एकदम हलकं वाटलं होतं. बाईंनी काही फोडलं नव्हतं. मी आईकडे बघितलं, वाटलं तिलाही तसंच वाटत असेल. पण आईचा चेहरा उतरला होता.

"तुमाला बघायचा व्हता," ती सावकाश म्हणाली, "तर माज्या पोरीच्या पेपरात बघितलात."

बाईंनी तोंडावरून हात फिरवला. त्या उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या, दाराला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर गाडीत बसल्या. मला पुन्हा शंका यायला लागली होती. बाई सांगतात ते खरंच कशावरून? त्यांचा शब्द सोडला तर होतं काय? त्या तिथे जाऊन काय बोलतील? आपलं जुनं भांडण उकरून काढतील आणि जर्नल माझं अडकून पडेल, तर?

सर लॅबमध्येच होते. बाई दारात दिसल्या तेव्हा सरांच्या हातात काचेची ब्युरेट होती. ती त्यांनी स्टँडला नीट अडकवली, स्क्रू आवळला, आणि मगच "या" म्हणाले. शिपायाला बाहेर पाठवलं. आम्हाला मात्र थांबू दिलं, किंवा आईने जायची तयारीच दाखवली नाही.

मला भांडणाची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. बाई म्हणाल्या की या मुलीला पेपर कुणी दिलेला नाही. जुन्या पेपरांवरून मी तिच्याकडून सराव करून घेतला. सर म्हणाले, अशी गणितं कुठल्याही पुस्तकात सापडतात. बाई म्हणाल्या, सापडतात, पण पुस्तकात घनता दिलेली असते.

सरांनी स्टँडचा स्क्रू पुन्हा एकदा आवळला.

"तुम्ही उत्तर तपासताना किती धरली होती?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तिची ती ओळ वाचली तेव्हाच मला कळलं होतं ही कुणाकडे शिकते ते. दिलेलं काय, धरलेलं काय, असं मांडायची सवय तुमचीच."

मला तेव्हा मैत्रिणीचा चेहरा आठवला. तिने काहीच सांगितलं नव्हतं. सरांना कुणी सांगायची गरजच नव्हती. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, जी मला जास्त लागली. सरांना मी पेपर चोरलेला नाही हे माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला तिथे उभं केलं होतं, मी घाबरून बाईंचं नाव घेईन म्हणून. मी नाव घेतलं असतं तर पेपर फोडणाऱ्या बाई असं म्हणायला सगळे पुन्हा मोकळे झाले असते, आणि तो पेपर सरांकडे कुठून आला हे कुणीच विचारलं नसतं.

आईला इंग्रजी कळत नव्हतं, केमिस्ट्री कळत नव्हती, पण झालं काय ते कळलं होतं. तिने सरांना विचारलं, पोरीची सही कधी देणार. सर म्हणाले, माझी खात्री व्हायला हवी. उद्या नवा पेपर देतो, माझ्यासमोर सोडव. बाई काहीतरी बोलणार होत्या, पण मीच हो म्हटलं. त्या वेळी मला त्या दोघांपैकी कुणाचंच काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर प्रश्न लिहून दिले. या वेळी ते खरोखर त्यांचे असावेत, कारण खाडाखोड करत करत लिहिले होते. मी सोडवले. दोन चुकले. ते वाचून सर म्हणाले, हे दोन परत कर. जर्नलवर त्यांनी पान न उलटता सही केली.

मी बाईंकडे परत गेले का? गेले. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती आणि मला ऑरगॅनिक अजून येत नव्हतं. पण आता मी त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट पुस्तकात पडताळून बघायचे. त्यांनाही ते कळत होतं. एकदा म्हणाल्या, "बघ, बघ. माझंही चुकतं." त्यांनी सरांनी काय शिकवलं हे विचारणं बंद केलं होतं. दार मात्र अजून बंदच असायचं.

मैत्रिणीशी बोलायचं मी चार वेळा ठरवलं. शेवटी तीच गाडीत शेजारी येऊन बसली. तिने सांगितलं की तिला भीती वाटली होती, आपलंही जर्नल अडवतील अशी. मी म्हटलं, मला तुझा संशय आला होता. ती म्हणाली, ते मला दिसत होतं. त्यानंतर आम्ही पुन्हा एका बाकावर बसायला लागलो, पण कुणाच्या गोष्टी एकमेकींच्या कानात सांगायचं आमच्यात थांबलं.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते. सर आतले परीक्षक. मला मिळालेलं सॉल्ट पांढरं होतं. पुडी उघडतानाच मनात आलं, हे सरांनी निवडून दिलेलं असणार, यात काहीतरी मिसळलेलं असणार. सगळ्या टेस्ट बेरियमकडे बोट दाखवत होत्या. खात्रीसाठी सॉल्ट लावलेली तार ज्योतीत धरली तर ज्योत पिवळीधमक झाली. हिरवी व्हायला हवी होती. पुन्हा धरली, पुन्हा पिवळी. माझा संशय खरा ठरल्याचं मला जवळजवळ समाधानच वाटलं. आता परीक्षकांकडे जाऊन सांगावं का, की मला भेसळीचं सॉल्ट दिलंय?

तेवढ्यात सर माझ्या मागून गेले. थांबले नाहीत. जाता जाता फक्त पुटपुटले, "तार धुतली नाहीस."

मी तार ॲसिडमध्ये बुडवून तापवली, परत बुडवली, परत तापवली, पिवळा रंग निघून गेला. मग सॉल्ट लावलं. ज्योत हिरवी झाली. माझ्याआधी कुणीतरी मिठासारखं काही लावून ती तार तशीच ठेवली होती, आणि मी घाईत तशीच वापरली होती.

माझ्या बारावीत मला कुणी काही फोडून दिलं असेल तर ते एवढे तीन शब्द, आणि ते सरांनी दिले. का दिले ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नोट्स बदलल्या की नाही, हेही मला कळलं नाही.

केमिस्ट्रीत मला चांगले मार्क पडले, बाकीच्या विषयांत बरे. पुढे मी बी.एस्सी. केलं आणि बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. वडिलांनी मला कोट घरी आणून अंगात घालून दाखवायला लावला होता. बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन मी बाईंकडे गेले तेव्हा धीर करून विचारलं, की त्या वर्षी तुमचा पेपर बाहेर कुणी नेला होता? सरांनी?

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही आधी तेच वाटायचं. पण तसं काही मी पाहिलेलं नाही." मग पेढ्याचा कागद काढत म्हणाल्या, "माझ्या कपाटाला कुलूप नसायचं."

एवढं बोलून त्यांनी पेढा तोंडात टाकला. मला ते खरं वाटलं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मात्र मी पुन्हा विचार करत होते की या मला सगळं सांगतात का.

शिकवणी संपल्यावरही आई कित्येक वर्षं त्यांना बोंबील देत राहिली, आता विकत. निवडून, चांगले द्यायची. भावात कधी ताणलं नाही. बाई दरवेळी आत या, चहा घ्या म्हणायच्या. आई उंबऱ्याबाहेरच टोपली उतरवायची, माल मोजून द्यायची आणि पुढच्या बिल्डिंगीकडे निघायची.